पायरी पास कोण करणार?

आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक बाई राहतात. तोंडावर त्यांना सगळे मॅडम म्हणतात आणि त्या जिना चढून वर गेल्या की लाल खडू. हे दुसरं नाव आम्ही ठेवलेलं नाही, ते कारखान्यातून त्यांच्या मागोमाग घरी आलं. पाण्याचे पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात त्या तपासणी विभागात आहेत. तयार झालेला भाग त्यांच्या टेबलावर येतो, त्या तो मापतात, आणि माप चुकलेलं असेल तर त्यावर लाल खडूने फुली मारतात. फुली बसली की तो भाग परत भट्टीत. मग सुपरवायझर येऊन गयावया करतो, केसाएवढा तर फरक आहे म्हणतो. मॅनेजर फोन करून चालवून घ्या म्हणतात. मॅडमना चालवून घेता येत नाही. काही लोकांना पोहता येत नाही, तसं.

घरी येताना खडू कारखान्यात ठेवून येण्याची सोय नाही. सुताराने केलेला ड्रॉवर इतक्यांदा परत गेला की शेवटी सुतारानेच गाव बदललं असं म्हणतात. शिंपी त्यांना लांबून येताना बघतो आणि मागच्या दाराने चहाला जातो. फळवाला तर स्पष्ट सांगतो, "मॅडम, तुम्ही नुसतं बोट दाखवा. तुम्ही एकेक फळ उचलून बघायला लागलात की बाकीची गिऱ्हाइकं पळतात."

अशा बाईंचं लग्न ज्या माणसाशी झालं, त्याने आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला आणि कुणालाही नापास केलं नाही. एका मुलाने म्हणे नकाशात समुद्राच्या जागी वाळवंट रंगवलं होतं. मास्तरांनी 'कल्पनाशक्ती चांगली' असा शेरा मारून त्याला वर घातलं. आता ते निवृत्त आहेत आणि घरात असतात, म्हणजे दिवसभर तपासणी विभागातच असतात. त्यांनी भरलेल्या पाण्याच्या बाटल्या एका पातळीत नसतात. त्यांनी वाळत घातलेला टॉवेल दोरीच्या मध्यावर नसतो. मास्तर "बरं" म्हणतात आणि टॉवेल सरकवतात. सरकवून सरकवून त्यांचा स्वभावच घडी घातल्यासारखा झाला आहे.

घरातलं तिसरं माणूस सासूबाई, म्हणजे मास्तरांच्या आई. ऐंशी ओलांडलेल्या. गुडघ्यांनी संप केलेला, पण जीभ अजून पूर्ण पाळी करते. लाल खडूला घाबरत नाही असा आमच्या इमारतीतला तो एकच जीव. "ती मला काय नापास करणार," सासूबाई म्हणतात. "माझी मुदतच संपत आलीय."

सासूबाईंच्या आयुष्यात एकच चैन होती. दर शनिवारी चार वाजता त्या पत्ते खेळायला जायच्या. शहराच्या दुसऱ्या टोकाला एक निवृत्त मेट्रनबाई राहतात, त्यांच्या घरी. मेट्रनबाई, एक शिवणवाल्या काकू, एक बँकवाल्या काकू आणि सासूबाई, असा चौघींचा डाव कित्येक वर्षं चालू होता. मॅडमची जुनी छोटी गाडी त्यांना दारात सोडायची आणि अंधार पडायच्या आत घेऊन यायची. शनिवारी सासूबाई दुपारची झोप घेत नसत. इस्त्रीचे कपडे घालून, पर्स मांडीवर घेऊन, तीन वाजल्यापासून बाहेरच्या खोलीत बसून राहत.

मग मोठी गाडी आली.

मोठी गाडी घेण्यामागे एक कारण होतं आणि ते चार फूट दहा इंच उंच होतं. मॅडमची तेवढी उंची आहे. कारखान्यात माणसं त्यांच्या डोक्यावरून एकमेकांशी बोलतात. लिफ्टमध्ये त्यांच्या नाकासमोर लोकांच्या बगला येतात. छोट्या गाडीत बसून सिग्नलला थांबल्या की शेजारी ट्रकचं चाक आणि चाकाच्या वर आणखी ट्रक. शोरूममध्ये विक्रेत्याने त्या उंच गाडीचं दार उघडलं आणि अदबीने खाली एक छोटं स्टूल ठेवलं. मॅडम स्टूलावरून वर चढल्या, स्टिअरिंग धरलं, काचेतून खाली बघितलं. रस्त्यावरून जाणाऱ्या पुरुषांची टकलं दिसत होती. सौदा तिथेच झाला. दाराच्या फटीपासून डिकीच्या झाकणापर्यंत त्यांनी सगळी गाडी तपासून घेतली होती. स्टूल गाडीबरोबर येतं का, एवढं विचारायचं राहिलं.

घरी आल्यावर त्यांनी न्हाणीघरातलं प्लॅस्टिकचं स्टूल खाली आणलं आणि त्याला दोरी बांधली. आधी स्टूलावर पाय, मग सीटवर, मग दोरी ओढून स्टूल आत. उतरताना आधी स्टूल खाली सोडायचं, मग स्वतः. विहिरीवर पाणी भरल्यासारखा तो कार्यक्रम रोज सकाळी आठ वाजता होई आणि शाळेच्या बसची वाट बघणारी पोरं तो न चुकता बघत. मॅडमना त्याचं काही वाटत नव्हतं. आत बसल्यावर त्या सगळ्यांच्या वर होत्या.

सासूबाईंचं तसं नव्हतं. पहिल्याच शनिवारी स्टूल फरशीवरून सरकलं. मग मास्तरांनी मागून ढकललं, मॅडमनी आतून ओढलं, आणि मध्ये सासूबाई.

"सोडा मला," त्या म्हणाल्या. "मी काय कपाट आहे, जिन्यातून वळवून न्यायला?"

त्या परत वर गेल्या. पुढचा शनिवारही तसाच गेला. आम्ही सगळ्यांनी सुचवलं की टॅक्सीने जा. पण सासूबाईंनी मेट्रनबाईंच्या घरी गाडीचं वर्णन आधीच करून ठेवलं होतं. नुसतं नाही, फोनवरून, तिखटमीठ लावून. गाडीत थंड हवा चारी बाजूंनी येते, छताला खिडकी आहे, आणि सूनबाई म्हणाली की आई, ही खास तुमच्यासाठी घेतली. एवढं सांगितल्यावर टॅक्सीतून उतरायचं कसं? "त्यापेक्षा आजारी आहे म्हणून सांग," त्या मास्तरांना म्हणाल्या.

आजारी माणसाची जागा रिकामी राहत नाही. मेट्रनबाईंच्या इमारतीत एका डॉक्टरांची आई नव्याने राहायला आली होती. ती दोन शनिवार बदली म्हणून बसली. आणि मग मेट्रनबाईंचा फोन आला. मेट्रनबाई इस्पितळात असताना नवे डॉक्टरसुद्धा त्यांना विचारून खोकायचे म्हणतात. त्यांनी दोन वाक्यांत काम संपवलं. येत्या शनिवारी चारच्या ठोक्याला आलीस तर तुझी खुर्ची तुझी. नाहीतर डॉक्टरांच्या आईला कायमचं घेतलं, आणि वाईट वाटून घेऊ नकोस.

सासूबाईंनी फोन ठेवला आणि सुनेला हाक मारली. "तुझ्या त्या हत्तीला शिडी लाव. शनिवारच्या आत."

गाडीच्या दोन्ही बाजूंना, दारांच्या खाली, चढायला लांब पायऱ्या बसवतात. साइड स्टेप म्हणतात त्यांना. कुठल्याही गाड्यांच्या सामानाच्या दुकानात हे काम चहा गार व्हायच्या आत करून देतात. मॅडम अशा एका दुकानात गेल्या. तिथे दुसऱ्याच कुणाच्या तरी गाडीला पायऱ्या बसवणं चालू होतं. मॅडम वाकून बघायला लागल्या. बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे होते. एक वॉशर उलटा होता. बसवणारा माणूस बोल्ट किती आवळायचा हे स्वतःच्या तोंडाकडे बघून ठरवत होता, तोंड वाकडं झालं की बास. मॅडमनी पर्समधून खडू काढला आणि त्या अनोळखी गाडीच्या पायरीवर फुली मारली. गाडीचा मालक आत चहा पीत होता, तो बाहेर आला. पुढे काय झालं ते मॅडम सांगत नाहीत, पण त्या रस्त्याने त्या आता जात नाहीत.

"मी स्वतः बसवीन," त्यांनी घरी येऊन सांगितलं.

पायऱ्यांची पेटी कुरिअरने आली. त्यात दोन लांब काळ्या पायऱ्या, त्यांना गाडीच्या पोटाशी धरून ठेवणारे लोखंडी ब्रॅकेट, आणि बोल्ट-नटांच्या पिशव्या होत्या. मॅडमनी जेवणाच्या टेबलावर सगळं मांडलं आणि मापायला घेतलं. एका ब्रॅकेटचा वाक थोडा कमी निघाला. पेटी परत गेली. दुसरी आली. तिच्यात ब्रॅकेट बरोबर होते पण एका पायरीच्या रबरावर ओरखडा होता. तीही परत गेली. कुरिअरवाला तिसरी पेटी घेऊन आला तेव्हा तो पेटी दारात ठेवून निघून न जाता तिथेच उभा राहिला.

"परत न्यायची असेल तर आत्ताच सांगा," तो म्हणाला. "पुन्हा दोन जिने नको."

"लिफ्ट आहे की."

"लिफ्टवर काल तुम्हीच फुली मारलीय ना? सेक्रेटरींनी बंद ठेवलीय."

तिसरी पेटी पास झाली. तोपर्यंत शनिवारची सकाळ उजाडली होती.

काम मॅडमनी देखणं केलं, हे मला सांगितलं पाहिजे. मी मशीनचं थोडंफार शिकलेला माणूस आहे आणि मला तसं काम करणारे हात कमी बघायला मिळाले आहेत. पार्किंगमध्ये जुनी सतरंजी अंथरून त्या गाडीखाली गेल्या. बुटक्या माणसाला गाडीखाली जे सुख आहे ते उंच माणसाला नाही. गाडीच्या पोटाला कंपनीनेच भोकं ठेवलेली असतात, त्यांवरची रबरी बुचं काढली, आटे साफ केले, गंज लागू नये म्हणून फवारा मारला. ब्रॅकेट आधी सैलसर लावले. मग पायरी त्यांवर टेकवली, पुढेमागे सरकवून दाराला समांतर केली आणि मगच एकेक बोल्ट आवळत नेला. त्यासाठी कारखान्यातून जोर मोजणारा पाना आणला होता, ठरलेल्या जोराला तो टक् असा आवाज करतो. सकाळभर पार्किंगमधून टक् टक् ऐकू येत होतं आणि मध्येमध्ये सेक्रेटरींचा आवाज.

सेक्रेटरी आमच्या इमारतीचे. त्यांना यंत्रातलं काही कळत नाही, त्यामुळे ते सल्ला मोकळेपणाने देतात. "मॅडम, जरा जास्त आवळा. पुढे ढिलं पडतं." मॅडम गाडीखालून काहीच बोलल्या नाहीत. "ऐकू आलं का?" सेक्रेटरींनी वाकून विचारलं.

"ऐकू आलं म्हणूनच गप्प आहे," गाडीखालून आवाज आला.

जेवणाच्या वेळेला दोन्ही बाजूंच्या पायऱ्या बसल्या होत्या. सासूबाई आंघोळ करून, इस्त्रीचे कपडे घालून, मास्तरांचा हात धरून खाली आल्या आणि पार्किंगमध्ये खुर्ची टाकून बसल्या. पर्स मांडीवर. आता चढायचं, निघायचं आणि चारच्या आधी खुर्ची गाठायची, एवढंच राहिलं होतं.

पण मॅडम फडक्याने हात पुसत गाडीसमोर उभ्या होत्या आणि त्यांचा चेहरा पडला होता.

"काय गं? झाली ना?" सासूबाईंनी विचारलं.

"झाली. पण पास कोण करणार?"

तपासणी विभागात एक नियम असतो. ज्याने काम केलं त्याने ते तपासायचं नाही. स्वतःच्या हाताच्या चुका स्वतःच्या डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून. मॅडमनी हा नियम कारखान्यात भल्याभल्यांना ऐकवला होता. त्यांच्या खात्यातल्या एकाने एकदा स्वतःच घासलेला भाग स्वतःच पास केला, तर त्याची बदली पॅकिंगमध्ये झाली. आणि न तपासलेला भाग वापरात द्यायचा नाही, हा त्याच्या आधीचा नियम.

"मग सेक्रेटरी करतील की पास," सासूबाई म्हणाल्या.

मॅडमनी सेक्रेटरींकडे एकदा बघितलं. मग त्यांनी मास्तरांकडे बघितलं. मास्तर निरुपद्रवी होते. त्यांनी उभ्या हयातीत कुणाला नापास केलं नव्हतं. दोन मिनिटांत शेरा मारून मोकळे होतील, असा मॅडमचा हिशेब असणार. त्यांनी खडू मास्तरांच्या हातात दिला.

खडू हातात आला आणि मास्तर थोडे ताठ झाले. आम्ही सगळ्यांनी ते पाहिलं. त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत लावला. मग वर जाऊन वर्गातली फूटपट्टी घेऊन आले.

"फूटपट्टी कशाला?" मॅडमनी विचारलं.

"तपासणाऱ्याशी बोलायचं नाही," मास्तर म्हणाले. "तूच सांगतेस ना?"

त्यांनी जमिनीपासून डाव्या पायरीची उंची मोजली. मग उजव्या. मग उभे राहिले आणि उजव्या पायरीवर, अगदी मध्यावर, एक मोठी फुली मारली.

"दोन्ही बाजू सारख्या नाहीत. ही खाली आहे."

"अहो, फरशीला गटाराकडे उतार आहे, गाडी त्या अंगाला झुकलीय. गाडी धुतली की पाणी जावं म्हणून. गाडीपासून मोजायचं असतं, जमिनीपासून नाही."

"मी भूगोल शिकवलाय. उंची समुद्रसपाटीपासून मोजतात, डोंगराच्या टोकापासून नाही."

मॅडमना वाद घालता आला असता. पण तपासणाऱ्याचा निर्णय शेवटचा, हाही त्यांचाच नियम. काम करणाऱ्याला फक्त फेरतपासणी मागता येते. त्यांनी ती मागितली. मग गाडी सपाट जागेवर न्यायची ठरली. आमच्याकडे सपाट जागा एकच, फाटकाच्या तोंडाशी. गाडी तिथे आडवी लागली आणि सेक्रेटरींना बोलायला एक नवा विषय मिळाला. सपाट जागेवर दोन्ही पायऱ्या सारख्या निघाल्या. मास्तरांनी मान हलवली, फुली खोडली, आणि पायरीच्या पुढच्या टोकाशी वाकले.

"पुढच्या दाराखाली फट जास्त आहे. मागच्या दाराखाली कमी."

"दारच तसं आहे. खालून वळलेलं."

"मी दार तपासत नाहीये. मी फट तपासतोय."

फुली. मग रबराच्या पट्टीवरच्या रेघा दाराच्या रेघेशी जुळत नव्हत्या. फुली. बोल्टांची डोकी वेगवेगळ्या दिशांना बघत होती, एकाचा कोपरा वर, दुसऱ्याचा बाजूला. मॅडम म्हणाल्या, "जोर बरोबर असल्यावर डोकं कुठे बघतंय याला काय अर्थ आहे?" मास्तर म्हणाले, "घरात टॉवेल मध्यावर नसला तर तो वाळत नाही का?" फुली. वर्षानुवर्षं कुणाला नापास न केल्याचा सगळा शिल्लक माल त्या दुपारी बाहेर येत होता. सेक्रेटरी तर एवढे खूश होते की फाटक अडलंय हे विसरून ते मास्तरांना बॅटरी धरून उजेड दाखवत होते.

मॅडम प्रत्येक फुलीनंतर सतरंजीवर आडव्या होऊन गाडीखाली जात होत्या. सैल कर, सरकव, टक्. एकदा बाहेर आल्या तेव्हा कपाळावर ग्रीसचा पट्टा होता आणि डोळ्यांत पाणी असल्यासारखं वाटलं. फवाऱ्याने झालं असेल.

"आई, तुमचा मुलगा बघा काय करतोय," त्या म्हणाल्या.

"बघतेय. तुझ्या हाताखाली तयार झालाय. चांगला तयार झालाय."

"मी असं करत नाही."

सेक्रेटरी खोकले.

सासूबाईंनी मनगटावरच्या घड्याळात बघितलं. शहराचं दुसरं टोक काही जवळ नाही. त्यांनी पर्स काखेत मारली, खुर्चीच्या हातावर जोर दिला आणि उठल्या. मास्तर तेव्हा गुडघ्यावर बसून पायरीखाली बोट फिरवत होते.

"बाजूला हो. मला चढायचंय."

"आई, थांब. अजून पास नाही झालेली."

"अरे, तुला जन्माला घातला तेव्हा कुणी तपासून घेतला होता? आणला ना घरी तसाच."

मास्तर बाजूला झाले. सासूबाईंनी दाराचं हँडल धरलं, एक पाय पायरीवर ठेवला, जरा दम घेतला, दुसरा पाय ठेवला. पायरी कुरकुरली नाही की हलली नाही. मग वळून त्या सीटवर बसल्या, कपडे नीट केले आणि समोर बघायला लागल्या. एवढंच झालं. सेक्रेटरींनी टाळी वाजवायला हात वर केले होते, ते मॅडमचा चेहरा बघून खाली घेतले.

कारण मॅडम हलत नव्हत्या. न तपासलेला भाग वापरात गेला होता, फुल्यांसकट. पार्किंगमधल्या आम्हा कुणालाच ते एवढं मोठं वाटलं नसेल, पण तो चेहरा मी पाहिलाय. चिरेबंदी भिंतीतला चिरा निघावा तसा.

"अगं, चल ना," वरून सासूबाई म्हणाल्या. आवाजात पहिल्यांदाच टोमणा नव्हता. "माझी खुर्ची जाईल."

मॅडम दुसऱ्या बाजूने वर चढल्या, पायरीवरून. मास्तर मागे बसले आणि काच खाली करून आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "रस्त्यात काही झालं तर माझी सही नाही." लाल फुल्यांनी भरलेली नवीकोरी गाडी फाटकाबाहेर पडली. चौकातल्या वाहतूक पोलिसाला वाटलं, गाडी कुठल्या तरी गुन्ह्यात पकडलेली आहे, आणि त्याने वाट करून दिली. हे मास्तरांनी नंतर सांगितलं, खरं-खोटं तेच जाणोत.

मेट्रनबाईंच्या घरात काय झालं, ते मी सासूबाईंच्या तोंडून ऐकलंय. त्यांची मीठ घालायची सवय वजा करून सांगतो.

त्या पोचल्या तेव्हा चारचा ठोका पडून गेला होता. टेबलाभोवती चारही खुर्च्या भरलेल्या. सासूबाईंच्या खुर्चीवर डॉक्टरांची आई, गुबगुबीत, हसरी, हातात पत्ते धरून बसलेली. पत्ते वाटून झाले होते.

मेट्रनबाईंनी घड्याळाकडे बोट दाखवलं. तेवढंच.

सासूबाई भिंतीशी असलेल्या सोफ्यावर जाऊन बसल्या, पर्स मांडीवर घेऊन, घरी बाहेरच्या खोलीत बसतात तशा. मॅडमनी सासूला असं गप्प बसलेलं लग्न झाल्यापासून पाहिलं नव्हतं.

मग मॅडम पुढे झाल्या आणि त्यांच्या तोंडून ते वाक्य आलं. "बाई, चूक माझी आहे. आईंची नाही. एवढ्या वेळी चालवून घ्या."

मास्तर म्हणतात की ते ऐकून त्यांना घेरी आली. मेट्रनबाईंना काही झालं नाही.

"एकदा चालवून घेतलं की रोज चालवून घ्यावं लागतं," त्या म्हणाल्या.

कारखान्यात त्या स्वतः दर आठवड्याला हेच वाक्य म्हणतात, शब्दाला शब्द. त्यांना ते पटलं. त्यांनी मेट्रनबाईंकडे जवळजवळ आदराने बघितलं. तिथून निघायला हवं होतं, पण सासूबाईंना पाणी हवं होतं, म्हणून मॅडम टेबलाच्या कडेला थांबल्या. आणि थांबलं की डोळे काम करायला लागतात.

शिवणवाल्या काकूंच्या हातात पत्त्यांचा पंखा होता. सगळे पत्ते एका कमानीत, आणि एक पत्ता कमानीच्या किंचित वर. पाठीची नक्षी तीच, निळी. पण कडेचा पांढरा पट्टा जरा रुंद.

हे पत्ते मॅडमनी बनवलेले नव्हते. म्हणजे तपासायला काहीच हरकत नव्हती.

"तो पत्ता या कॅटमधला नाही," त्या म्हणाल्या.

शिवणवाल्या काकूंनी पंखा मिटला. बँकवाल्या काकू खिडकीबाहेर बघायला लागल्या. मेट्रनबाई म्हणाल्या, "कुठला पत्ता?"

"तो. मापाने मोठा आहे. पाठीमागूनसुद्धा ओळखू येतो. कुणाच्या हातात आहे ते सगळ्यांना दिसतं."

डॉक्टरांच्या आईने हात पुढे करून तो पत्ता काकूंच्या हातातून काढला आणि उलटा केला. इस्पिकचा राजा.

मग हळूहळू बाहेर आलं. खरा राजा मेट्रनबाईंच्या नातवाने लहानपणी चघळून संपवला होता. तसाच दिसणारा दुसऱ्या कॅटमधला राजा आणून ठेवला, तात्पुरता. मग नवा कॅट आणायचा राहिला. कित्येक वर्षं राहिला.

"म्हणजे तुम्हा तिघींना माहीत होतं?" डॉक्टरांच्या आईने विचारलं. "राजा कुणाकडे आहे ते? मी दोन शनिवार हरतेय, आणि तुम्हा सगळ्यांना माहीत होतं?"

"तसं काही आपण बघत नाही मुद्दाम," बँकवाल्या काकू म्हणाल्या. "दिसतं ते दिसतं."

"आणि यांना घड्याळाचे नियम सांगत होतात."

हे डॉक्टरांच्या आईने मेट्रनबाईंना सुनावलं. डॉक्टरांच्या आईने पत्ते टेबलावर ठेवले, उताणे, म्हणजे कुणाला काही लपवायला नको. चष्म्याची डबी उचलली आणि सगळ्यांना नमस्कार करून खाली आपल्या घरी गेल्या. त्या वाईट वागल्या नाहीत, सासूबाई सांगतात. जाताना दारही हळूच लावलं.

चौथी खुर्ची रिकामी झाली. मेट्रनबाईंनी तिच्याकडे बघितलं, मग घड्याळाकडे, मग सोफ्याकडे.

"बस," त्या म्हणाल्या.

सासूबाई बसल्या. मेट्रनबाईंनी शेजाऱ्यांकडून दुसरा कॅट मागवला. तो मॅडमसमोर ठेवण्यात आला. त्यांनी पत्ते ठोकून एका पातळीत आणले, कडेवरून अंगठा फिरवला, मोजले, आणि कुणाच्याही विनवणीशिवाय पास केले. पुढे अंधार पडेपर्यंत डाव चालला. मॅडम आणि मास्तर खाली गाडीत बसून राहिले. त्यांच्यात काय बोलणं झालं ते सासूबाईंना माहीत नाही, पण त्या खाली आल्या तेव्हा पायऱ्या स्वच्छ पुसलेल्या होत्या आणि मास्तरांच्या रुमालाला लाल रंग लागला होता.

सासूबाई हँडल धरून, पायरीवरून, आपल्या आपण चढल्या. गाडी सुरू झाली. रस्ताभर सासूबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या, तेव्हा मॅडमना राहवेना.

"आई, मिळाली ना तुमची खुर्ची?"

"मिळाली."

"मग?"

"मग काय. एकही डाव जिंकले नाही." सासूबाईंनी पर्सचा चाप उघडला, मिटला. "इतकी वर्षं मला माहीत असायचं गं, राजा कुणाकडे आहे ते. आता खेळायला शिकावं लागणार."